उसन्या नजरेचा निवाडा

रोवणी आटोपली होती आणि पावसाने जरा उघडीप दिली होती. सानगडीच्या परिसरातील एक शेतकरी मुलाच्या दाखल्यासंबंधी आमच्याकडे आला. काम झाल्यावर त्याची नजर आमच्या मेजामागील भिंतीकडे गेली. आंद्रेई रुब्ल्योव्ह ह्या रशियन संन्याशाने पंधराव्या शतकात रंगविलेल्या पवित्र त्रैक्याच्या चित्राची एक साधी छापील प्रत तेथे लावलेली आहे. तीन देवदूत एका मेजाभोवती बसले आहेत आणि मेजावर एक पात्र आहे. तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “फादर, ह्यातला पाहुणा कोण नं घरमालक कोण?”

आम्ही त्याला उत्पत्तीच्या पुस्तकातील अब्राहामाची कथा सांगितली. भर उन्हात दाराशी आलेले तीन अनोळखी पुरुष, अब्राहामाची धावपळ, सारेने मळलेले पीठ, सारे काही सांगितले. रुब्ल्योव्हने मात्र अब्राहाम आणि सारा ह्या दोघांनाही चित्रातून वगळले आहे, हेही सांगितले. त्याने पुन्हा चित्राकडे पाहिले आणि म्हणाला, “मंग अलीकडची बाजू आपल्यासाठीच मोकळी ठेवली असन.” जे समजायला आम्हाला सेमिनरीत एक व्याख्यान ऐकावे लागले होते, ते त्याला उभ्या उभ्या समजले. जाताना मात्र त्याने विचारले, की येशूच्या पवित्र हृदयाचे ते चमकदार रंगांचे कॅलेंडर आहे काय, घरी लावायला तेच बरे दिसते. आम्ही ते त्याला दिले.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की त्याच आठवड्यात आम्ही इंग्रजी कलासमीक्षेतील एक गाजलेला लेख पुन्हा वाचीत होतो आणि त्या लेखातही एक शेतकरी चित्रासमोर उभा आहे. क्लेमंट ग्रीनबर्ग ह्या अमेरिकन समीक्षकाने १९३९ साली ‘पार्टिझन रिव्ह्यू’ ह्या नियतकालिकात तो लिहिला. कला महाविद्यालयांतून तो आजही प्रमाणग्रंथासारखा वाचला जातो. सोव्हिएत रशियातील सरकारी कला इतकी सपक का, असा प्रश्न त्यात आहे. उत्तरासाठी ग्रीनबर्ग एका अडाणी रशियन शेतकऱ्याची कल्पना करतात. त्याच्यापुढे एका बाजूला पिकासोचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला इल्या रेपिन ह्या रशियन चित्रकाराचे लढाईचे चित्र ठेवतात. शेतकरी रेपिनला पसंती देतो, कारण त्यात सारे आयते मिळते, डोक्याला ताप होत नाही. अशा प्रजेला खूश ठेवणे सोपे जावे म्हणून हुकूमशाही राज्य हलकी कला पोसते, असे त्यांचे निदान आहे.

निदानात तथ्यांश नाही असे आम्ही म्हणत नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत सरकारने कलावंतांचे सर्व स्वतंत्र गट एका ठरावाने मोडीत काढले आणि १९३४ मध्ये ‘समाजवादी वास्तववाद’ हा एकच मार्ग अधिकृत ठरविला. ग्रीनबर्ग स्वतः त्या वेळी डाव्या विचाराचे होते, त्यामुळे त्यांची टीका शत्रूची नव्हती, हेही मान्य करावयास हवे. परंतु एक गोष्ट राहतेच. रेपिनने तसले लढाईचे चित्र कधी काढलेलेच नव्हते! खुद्द ग्रीनबर्ग यांनीच १९७२ साली एका टिपेत हे कबूल केले. दुसऱ्या कोणाचे चित्र आपण रेपिनच्या नावावर घातले आणि एकोणिसाव्या शतकातील रशियन कलेविषयीचे आपले ज्ञान तोकडे होते, असे त्यांनी प्रांजळपणे नोंदविले.

ह्या प्रांजळपणाबद्दल त्यांचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण लेखाची मांडणी जशीच्या तशी उभी राहिली. ज्या चित्रावर निवाडा आधारला होता ते चित्र अस्तित्वात नव्हते आणि ज्या शेतकऱ्याच्या नावाने तो दिला गेला तोही कल्पनेतलाच होता. त्या काळच्या खऱ्या रशियन शेतकऱ्याचे काय चालले होते? सामूहिक शेतीच्या सक्तीने त्याची जमीन गेली होती आणि १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठी लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली होती. हा शेतकरी त्या लेखात कोठेही नाही. त्याची अभिरुची तेवढी तेथे आहे आणि तीही दुसऱ्याने ठरविलेली.

इंग्रजी कलासमीक्षकांनी सोव्हिएत राज्याचा निषेधच केला असे मात्र नव्हे. त्याआधी पंधरा वर्षे स्तुतीचाही एक अध्याय होऊन गेला होता आणि आमच्या मते तो अधिक शोचनीय आहे. सर मार्टिन कॉनवे हे केंब्रिज विद्यापीठात कलेचे प्राध्यापक राहिलेले गृहस्थ. आपल्याकडील काराकोरमच्या हिमनद्यांवर १८९२ साली मोहीम नेणारे गिर्यारोहक म्हणूनही ते प्रसिद्ध होते. ते ब्रिटिश संसदेचे सभासद होते आणि तेही हुजूर पक्षाचे, तेव्हा त्यांना कोणी साम्यवादी म्हणणे शक्य नव्हते. १९२४ मध्ये ते रशियात गेले, संग्रहालये व राजवाडे पाहिले आणि पुढच्या वर्षी ‘आर्ट ट्रेझर्स इन सोव्हिएट रशिया’ हे पुस्तक लिहिले. कलेचा ठेवा लुटला गेलेला नाही, तो नीट राखलेला आहे, नीट मांडलेला आहे, अशी ग्वाही त्यांनी जगाला दिली.

ग्वाही खोटी नव्हती. संग्रहालयांतून निष्ठावंत माणसे खरोखरीच काम करीत होती. पण कॉनवे तेथे जाण्याच्या दोन वर्षे आधी, १९२२ मध्ये, दुष्काळनिवारणाचे कारण देऊन चर्चमधील सोन्याचांदीची पात्रे सक्तीने जप्त करण्यात आली होती. त्याच वर्षी पेत्रोग्रादचे ऑर्थोडॉक्स महागुरू वेनियामिन यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९२३ च्या मार्चमध्ये मॉस्कोत कॅथलिक धर्मगुरूंवर खटला चालला आणि मोन्सिन्योर कोन्स्तान्ती बुदकेविच यांना पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री ठार करण्यात आले. ही बातमी युरोपभर पोहोचली होती, निषेधसभा झाल्या होत्या. पात्र सुरक्षित आहे हे पाहणाऱ्याने पात्र उचलणाऱ्या हातांची चौकशी करू नये, हे आम्हा धर्मगुरूंना तरी विसरता येत नाही.

त्यापुढची हकिकत अधिक बोलकी आहे. १९२९ सालच्या अखेरीस लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये प्राचीन रशियन पवित्र चित्रांचे प्रदर्शन भरले. सोव्हिएत सरकारनेच ते परदेशी पाठविले होते. इंग्लंडची रसिक मंडळी थक्क झाली. १९३० मध्ये त्या चित्रांवर एक देखणे पुस्तक निघाले. त्यात कॉनवे यांचे लेखन होते, तसेच त्या काळचे इंग्रजीतील सर्वांत वजनदार कलासमीक्षक रॉजर फ्राय यांचेही होते. रेषा, रंग आणि रचना ह्यांपलीकडे चित्राच्या विषयाला फारसे महत्त्व देऊ नये, हा फ्राय यांचा सिद्धांत सर्वश्रुत आहे.

त्याच पुस्तकात आणखी एका माणसाचा लेख होता. अलेक्सांद्र अनिसिमोव्ह हे रशियन संशोधक, जुन्या चित्रांवरील काजळी आणि नंतर चढविलेले रंगांचे थर काढून मूळ रूप उजेडात आणणाऱ्यांपैकी एक. व्लादिमिरच्या देवमातेच्या चित्रावरचा त्यांचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रागला प्रसिद्ध झाला होता. लंडनमधील पुस्तक निघाले त्याच १९३० साली अनिसिमोव्ह यांना अटक झाली. त्यांची रवानगी श्वेतसमुद्रातील सोलोव्हकी बेटावर झाली. तेथील जुन्या मठाचा तुरुंग करण्यात आला होता. १९३७ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

एकाच पुस्तकात दोघांचे लेख आहेत. त्यांपैकी एक लेखक व्याख्याने देत इंग्लंडमध्ये सन्मानाने राहिला आणि दुसरा छावणीत मेला. फ्राय यांचा ह्यात व्यक्तिशः दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु विषय बाजूला ठेवून केवळ रूप पाहणारी समीक्षा ही अशा राज्याला किती सोयीची असते, हे ह्यावरून कळावे. कारण ज्या सरकारने लंडनला चित्रे पाठविली त्याला परकीय चलन हवे होते आणि प्रदर्शनामागे पवित्र चित्रांसाठी परदेशी गिऱ्हाईक तयार करण्याचा हेतू होता. १९३०-३१ मध्ये हर्मिताज संग्रहालयातील २१ चित्रे अमेरिकेचे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांना सुमारे ६६ लाख डॉलरना गुपचूप विकली गेली. राफाएलची ‘आल्बा मादोन्ना’ आणि यान व्हान आयकचे ‘देवदूताचा निरोप’ ही चित्रे त्यांतलीच. आज ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. ५ डिसेंबर १९३१ रोजी मॉस्कोतील ख्रिस्त तारणाऱ्याचे भव्य मंदिर सुरुंग लावून उडविण्यात आले.

वाचकहो, हे सारे दूर देशीचे आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. म्हणून मुंबईकडे येऊ.

फ्रान्सिस न्यूटन सूझा हा १९२४ साली गोव्यातील साळगाव येथे जन्मलेला कॅथलिक मुलगा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४५ मध्ये राजकीय चळवळीपायी त्याला काढून टाकण्यात आले. पुढे तो कम्युनिस्ट पक्षात गेला. १९४७ मध्ये त्याने हुसेन, आरा, बाकरे, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले रझा आणि आमच्या विदर्भाचे ह. अं. गाडे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. काय रंगवावे आणि कसे रंगवावे हे पक्ष सांगू लागला तेव्हा सूझाने पक्ष सोडला आणि १९४९ साली तो लंडनला गेला.

तेथे त्याच्या वाट्याला इंग्रजी समीक्षेची दोन्ही तोंडे आली. १९५५ मध्ये जॉन बर्जर ह्या मार्क्सवादी समीक्षकाने ‘न्यू स्टेट्समन’मध्ये त्याच्या चित्रांवर लिहिले. माणसाला आपले सामाजिक हक्क ओळखायला चित्र मदत करते काय, ही बर्जर यांची त्या काळची कसोटी होती. सूझाला कोणत्या परंपरेत बसवावे हे मात्र त्यांना ठरविता आले नाही आणि त्यांनी तसे मोकळेपणाने लिहिले. त्याच वर्षी ‘एन्काउंटर’ ह्या मासिकाने सूझाचा आत्मकथनपर लेख छापला. कवी स्टीफन स्पेंडर हे त्याचे एक संपादक होते. सोव्हिएत दडपशाहीविरुद्ध सांस्कृतिक स्वातंत्र्याचा कैवार घेणारे हे मासिक अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या पैशावर चालत होते, हे १९६७ साली उघडकीला आले आणि स्पेंडर यांनी राजीनामा दिला. ज्या संघटनेमार्फत हा पैसा येई, तिची १९५१ सालची परिषद आपल्या मुंबईतच भरली होती.

म्हणजे एका बाजूला पक्षाची शिस्त आणि दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्याच्या नावाने गुप्त तिजोरी. ह्या दोन्हींमध्ये साळगावचा हा मुलगा वधस्तंभावरचा ख्रिस्त रंगवीत होता. त्याचे १९५९ चे ‘क्रुसिफिक्शन’ आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. काटेरी, काळवंडलेला, पाहणाऱ्याला अस्वस्थ करणारा तो ख्रिस्त ना मॉस्कोला रुचला असता, ना आमच्या अनेक भाविकांना रुचेल. त्याला उभे करण्यासाठी सोव्हिएत राज्याच्या बाजूचा अथवा विरोधाचा टेकू लागत नाही. लागतो तो गोव्याच्या चर्चमध्ये लहानपणी पाहिलेल्या रक्तबंबाळ मूर्तींचा संस्कार. तो जाणून घ्यायला त्या काळी लंडनमधील कोणी साळगावला गेले नाही.

ह्या बाबतीत अपवाद म्हणून कॅमिला ग्रे ह्या इंग्रज बाईंचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्यांनी रशियन भाषा आत्मसात केली, तळघरांत दडवलेल्या मालेव्हिच आणि तात्लिन यांच्या कलाकृतींचा माग काढला आणि १९६२ मध्ये ‘द ग्रेट एक्सपेरिमेंट’ हा ग्रंथ सिद्ध केला. संगीतकार प्रोकोफिएव्ह यांच्या मुलाशी लग्न करून त्या तिकडेच राहिल्या आणि १९७१ मध्ये सुखुमी येथे अकाली वारल्या. सोव्हिएत राज्याचा त्यांनी जयजयकार केला नाही किंवा शिव्याशापही दिले नाहीत. राज्याने गाडलेली चित्रे त्यांनी नावानिशी वर काढली. समीक्षेचे काम ह्याहून वेगळे काय असते?

आता आपल्या मराठीविषयी. आमच्या शाळकरी वयात ‘सोव्हिएत लँड’च्या गुळगुळीत पानांची वह्यांना वेष्टने घालीत. त्या पानांवर ट्रॅक्टरवर बसलेल्या हसऱ्या बाया असत. १९९१ च्या डिसेंबरात ते राज्यच विसर्जित झाले, तेव्हा आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात होतो. काल जे स्तुती करीत होते ते गप्प झाले आणि काल जे गप्प होते ते ‘रशियन कला म्हणजे निव्वळ प्रचार’ असे म्हणू लागले. दोन्ही मते इंग्रजीतून आलेली होती. रशियन पुस्तक मुळातून वाचलेला माणूस दोन्ही पंगतींत विरळाच.

ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले अशा एका मराठी माणसाचे नाव येथे घेतले पाहिजे. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ त्यांनी लिहिला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला, मुंबईच्या गिरणगावात राबलेला हा लेखक तेथे काय पाहणार? कष्टकऱ्याला मान आहे काय, हेच पाहणार. तो त्याने पाहिला आणि आनंदाने लिहिला. आमची सुशिक्षित मंडळी त्यांना भोळे ठरवितात. पण कॉनवेसाहेबांना कोणी भोळे म्हटले नाही! अण्णा भाऊंचा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या जगण्यातून आला होता, उसना नव्हता, हा आमच्या लेखी फार मोठा फरक आहे.

तरी त्यांची साक्ष अपुरी होती, हे त्यांच्याविषयीच्या आदरानेच म्हणावयास हवे. त्यांच्या प्रवासानंतर वर्षभरातच, जून १९६२ मध्ये, नोव्होचेर्कास्क येथे मांस-लोण्याची भाववाढ आणि मजुरीतील कपात ह्यांविरुद्ध रस्त्यावर आलेल्या कामगारांवर सोव्हिएत सैनिकांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली, प्रेते गुपचूप दूर नेऊन पुरण्यात आली आणि सुमारे पंचवीस वर्षे ही बातमी दाबून ठेवण्यात आली. गिरणी कामगारांच्या मोर्च्यांत शाहिरी करणाऱ्या अण्णा भाऊंना हे कळते, तर त्यांनी कोणाच्या बाजूने डफ उचलला असता, ह्याविषयी आम्हाला शंका नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. पुतळ्याचा आम्हाला आनंद आहे. पण आता त्यांच्या नावाचा दाखला राज्ये आपल्या सोयीने वापरतील, हेही लक्षात असू द्यावे.

येथे आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतला जावा. ख्रिस्तसभेने कलेला वेठीस धरले नाही काय? धरले. मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम निवाड्या’तील उघड्या देहांवर १५६५ मध्ये वस्त्रे रंगविण्यात आली. १५७३ मध्ये चित्रकार व्हेरोनेझे याला धर्मन्यायालयापुढे उभे करून, प्रभूच्या अखेरच्या भोजनाच्या चित्रात विदूषक आणि जर्मन शिपाई कशाला, असे विचारण्यात आले. त्याने चित्राचे नाव बदलून वेळ निभावली. कवी-कलावंतांना जाब विचारणाऱ्यांत आमच्यासारखे झगेवाले होते, हे नाकारून सोव्हिएत राज्याला जाब विचारण्याचा अधिकार आम्हाला मिळणार नाही.

आमचा आग्रह एवढाच आहे, की चित्र कसे आहे आणि राज्य कसे आहे, हे दोन प्रश्न निरनिराळे विचारले जावेत. चांगले संग्रहालय हे राज्याच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र नव्हे. सरकारी आश्रयाखाली काढलेले प्रत्येक चित्र कुचकामी असते असेही नव्हे. आणि ह्या दोन प्रश्नांच्या आधी, ज्याने ते चित्र घडविले, राखले अथवा ज्याच्यासमोर तो गुडघे टेकत होता, त्या माणसाचे काय झाले, हे विचारले जावे. इंग्रजी समीक्षेने हा प्रश्न फार उशिरा विचारला. आपण तर तो विचारीतच नाही, कारण इंग्रजीत उत्तर छापून येईपर्यंत आपण थांबून राहतो. आपल्या नियतकालिकांनी रशियन जाणणारे चार लेखक तयार केले, तर आम्हाला शंभर परिसंवादांपेक्षा ते अधिक मोलाचे वाटेल.

रुब्ल्योव्हच्या त्या चित्राचेच पाहा. सोव्हिएत सरकारने मठाच्या ताब्यातून काढून घेतलेले हे चित्र १९२९ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनात नेण्यात आले. २०२३ मध्ये, युक्रेनवरील आक्रमण सुरू असताना, रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी ते चर्चच्या हवाली करण्याचा निर्णय केला. लाकडी फळा फार नाजूक झाल्या आहेत, चित्र हलवू नका, असे संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी सांगितले होते. एका राज्याने ते उचलले आणि दुसऱ्याने ते परत केले. दोन्ही वेळा चित्राला काय हवे, हे कोणी विचारले नाही. चित्र प्रार्थनास्थळी परतले ह्याचा धर्मगुरू म्हणून आम्हाला आनंद व्हावयास हवा होता. तो पुरता होत नाही, हे येथे लिहून ठेवतो.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्रभर दंडार आणि नाटक चालते आणि दिवसभर धान कापून आलेली माणसे पहाटेपर्यंत बसतात. नागपूर-पुण्याचे जाणकार ह्या झाडीपट्टीच्या नाटकांना कधी भडक म्हणतात, कधी लोककला म्हणून डोक्यावर घेतात. त्या दोन्ही मतांच्या वेळी तो प्रेक्षक तेथेच बसलेला असतो आणि त्याला कोणी विचारलेले नसते. आमच्याकडे आलेला शेतकरी त्यांतलाच. रुब्ल्योव्हच्या मेजाची मोकळी बाजू त्याला दिसली आणि घरी लावण्यासाठी त्याने पवित्र हृदयाचे कॅलेंडरही नेले. ग्रीनबर्ग यांच्या मांडणीत ह्या दोन गोष्टी एका माणसात मावत नाहीत. तो पुन्हा येईल तेव्हा कॅलेंडर कोठे लावले हे आम्ही विचारू आणि त्या चित्रात आणखी काय दिसते, हेही त्यालाच विचारू.